वाकायला जागा

मिनाच्या तंबूंमधून जाणारा रस्ता
पहाटे रुंद वाटतो.
नऊ वाजता तो आईच्या जुन्या बांगडीसारखा:
हात आत जातो, बाहेर येत नाही.

मी रहाफ, मुसाइदची धाकटी.
काचेच्या खोलीत बसते, समोर बावीस पडदे.
आवाज येत नाही, फक्त ओठ हलताना दिसतात.
माझं काम माणसं मोजणं नव्हे,
माणसांच्या मधली जागा मोजणं.
एका चौरस मीटरात चार डोकी: चाल आहे.
पाच: चाल आहे, पण छत्र्या एकमेकींत अडकतात.
सहा झाली की मी खुर्चीत पुढे सरकते.
शितावरून भाताची परीक्षा,
फक्त इथलं शीत श्वास घेत असतं.

बाबा या कामात होते तेव्हा पडदे नव्हते.
एक शिट्टी, एक ओला रुमाल.
एका वर्षी ते तीन दिवसांनी घरी आले
आणि दारात चपला काढता काढता थबकले.
किती तरी वेळ एकाच पायावर.
आईने काही विचारलं नाही.
पुढे घरात चपलांचा ढीग त्यांनी कधी होऊ दिला नाही;
पाहुणे आले की प्रत्येकाची जोडी
वेगळ्या पायरीवर नेऊन ठेवायचे.
लोक हसायचे.

मला एवढंच म्हणाले होते:
गर्दीत कुणी कुणाला ढकलत नसतं, पोरी.
मागच्याला वाटतं पुढे वाट आहे.
पुढच्याला वळून सांगता येत नाही.

आज नऊ चाळीस, चौदावा पडदा.
वळणावर एका चाकाच्या खुर्चीचं चाक रुतलं.
साडेसहा.
मी नवाफला म्हटलं, अडव.
त्याने दोन्ही हात वर केले,
विशीतला पोरगा, मिसरूड धड फुटलेलं नाही,
आणि त्याच्यासमोर अख्खं कानो शहर:
एकाच हिरव्या छापाचं कापड ल्यालेल्या बायका,
एकमेकींचे पदर मुठीत धरलेल्या,
ऊन त्रेचाळीस अंश.
सगळ्यात पुढे म्हातारे मालम दन्लादी.
ते काय बोलले ते नवाफने नंतर सांगितलं:
एकोणीस वर्षं पैसे साठवले, दोन बैल विकले,
आणि तू मला इथे अडवतोस?
त्याच्या नाकासमोर मूठ नाचवली.
मुठीत हरभऱ्याएवढे सात खडे.

सहा. एक निसटला.

मी उभीच राहिले.
चालत्या गर्दीत वाकलेला माणूस
पुन्हा वर येत नाही, हे मला पाठ आहे.
पण गर्दी थांबली होती.
म्हातारा सावकाश वाकला,
गुडघ्यावर हात, मग दुसरा गुडघा,
धुळीत बोटं फिरवली,
भलताच खडा उचलला, टाकला,
आपला शोधला, इहरामाला पुसला,
आणि उठला.
नवाफने त्याच्या टकलावर बाटलीतलं पाणी ओतलं.
तरी तो रागावलेलाच होता.

वहीत लिहिलं:
अकरा मिनिटं थांबवले. तक्रारी अनेक.
घटना: नाही.
या रकान्यात याहून जास्त लिहायला जागा नसते.

रात्री बाबांचा फोन.
किती गेलं होतं?
साडेसहा.
बराच वेळ नुसता त्यांचा श्वास.
मग विचारलं, चपला?
म्हटलं, ज्याच्या त्याच्या पायात, बाबा.
बरं, म्हणाले. जेवलीस का?