तिसरी तार

माझगावहून फोन आला. पियानो आहे, सूर लावायचेत.
आवाज लहान. वाटलं, आईसाठी करतेय.
दुसरा मजला चढलो तर दारात तीच,
वीस-एकवीसची, केसांत पेन्सिल खोचलेली, अनवाणी.
"मी रेनिटा. चपला बाहेर काढाल?
मला फरशीतून ऐकू येतं."

चाळीस वर्षं हेच करतो.
किल्ली, स्वरकाटा, लाल फेल्टच्या पट्ट्या, टॉर्च.
कुणाच्या घरात काय वाजतं ते मागाहून कळतं,
आधी कळतं काय कुजलंय.
हिच्या पियानोच्या पोटात चाळीसचा बल्ब जळत होता,
खारी हवा शिरू नये म्हणून.
त्या उजेडात एक मेलेलं झुरळ, एक शाळेचा बिल्ला,
आणि तारा मात्र निरोगी.

म्हटलं, आधी वाजव काहीतरी.
तिनं एक सूर दाबला
आणि थांबली.
मला वाटलं, विसरली.
सूर खिडकीपर्यंत गेला, बारीक झाला,
खाली भंगारवाल्याची गाडी खडखडली तिच्यात शिरला,
पार उरला नाही
तेव्हा तिनं दुसरा दाबला.

कुणा जर्मनाची तीन मिनिटांची रचना,
पोरं परीक्षेला घोकतात ती.
हिला एकोणीस मिनिटं लागली.
खोटं कशाला बोलू, घड्याळ पाहिलं मी, दोनदा.
तिसऱ्यांदा पाहायचं राहून गेलं.

"स्पर्धेत घंटा मारून उतरवलं मला," ती हसत म्हणाली.
"परीक्षक म्हणाले, बाई, हे वादन आहे, श्राद्ध नव्हे.
मी म्हटलं, सर, आधीचा अजून जिवंत होता.
त्याच्या अंगावर दुसरा कसा टाकू?"

कामाला बसलो.
एका सुराला तीन तारा असतात, लोकांना ठाऊक नसतं.
तीन सख्ख्या बहिणी, एका हातोडीनं उठणाऱ्या.
तिघींना एका आवाजात बोलायला लावायचं, एवढंच माझं काम.
एक जरी उतरली तरी सुरात लाट येते, वंव वंव,
ती लाट मारायची.
किती मारल्या असतील मी आजवर.

मधल्या सप्तकातल्या कोमल धैवतावर आलो
(मी त्याला धैवतच म्हणतो, निम्मं आयुष्य पेट्यांत गेलंय)
तर तिनं माझ्या मनगटावर बोट ठेवलं.
"ही तिसरी राहू द्या. अशीच."
पोरी, ही उतरलेली आहे.
"म्हणून तर. तिथं सूर पटकन मरत नाही.
हलत हलत जातो."

म्हटलं, उद्या दुसरा कुणी उघडेल आणि म्हणेल
म्हातारा बहिरा झाला.
ती विचारात पडली. खरंच पडली.
मग केसांतली पेन्सिल काढून दिली.
"आत लिहून ठेवा: जाणूनबुजून."

लाकडावर टॉर्च मारला. आधीच्यांच्या सह्या होत्या,
ट्यूनर करतात तशा, कोपऱ्यात, तारखेसह.
सगळ्यांत खाली आल्बुकर्क, जुलै अडुसष्ट.
माझे मास्तर.
अशाच एका लाटेसाठी
त्यांनी माझ्या बोटांवर किल्ली हाणली होती.
त्यांच्याखाली नाव घातलं.
तो शब्द लिहिताना हात कापला,
ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असणार.

दोनशे तीस तारा, तेवीसशे रुपये.
एका तारेचे दहा मी परत केले.
तिनं ठेवून घेतले.

पहिल्या मजल्यावर पोचलो आणि वरून तो धैवत आला.
चपला हातातच होत्या.
तळव्यांना दगड गार लागत होता, आणखीही काहीतरी लागत होतं.
दार किलकिलं करून एका बाईंनी विचारलं,
कोण हवंय?
म्हटलं, थांबा जरा.
अजून संपलं नाही.