क्यूने सुरू होणारा केरकर

परिपत्रक सांगतं : राष्ट्रीय सुरक्षेच्या दृष्टीने
तिन्ही कागदांवरचं नाव अक्षरशः एक हवं.
मी वास्कोच्या वाहतूक कार्यालयात, खिडकी क्रमांक चार,
अक्षरं मोजते.

काल आला उत्तम पुतू केरकर. मोटरसायकल पायलट,
पिवळा शर्ट, कॉलरशी तेलकट.
जन्मदाखल्यात तो क्यूने सुरू होतो,
पोर्तुगीज कारकुनाने लिहिला तसा, वळणदार शेपटीसकट.
लायसन्सवर केने.
आधारवर मधला बापच गायब.

"हांव तोच न्हय?" तो म्हणाला.
मी म्हटलं, काका, बोट ठेवा.

यंत्राने बोट पाहिलं. पुन्हा पाहिलं.
पुसून ठेवा, म्हटलं; त्याने शर्टाला पुसलं, मग विजारीला.
दर उन्हाळ्यात सत्तरीत भावाकडे काजू भाजायला जातो म्हणे,
टरफलाच्या तेलाने कातडी सोलवटते.
"रेघो गेल्यो बाय, चाळीस वर्सां जालीं."
पडद्यावर लाल चौकोन : व्यक्ती जुळत नाही.

रांगेतून कुणीतरी सांगितलं,
नौदलाच्या गेटवरचे पहारेकरी याला लांबून ओळखतात,
रात्री अडीचला, दिवा विझलेला असला तरी,
सायलेन्सरच्या खोकल्यावरून.
खोकल्यासाठी माझ्या फॉर्मात रकाना नाही.
प्रतिज्ञापत्र आणा, मी म्हटलं. पुढचा.

पुढचा कागद शोधत राहिला
आणि माझं लक्ष गेलं माझ्याच गळ्यातल्या ओळखपत्राकडे.
मीनाक्षी.
लग्नात तांदळाच्या ताटात
नवऱ्याने अंगठीने कोरलेलं.
तोवर मी प्रमिला होते. ती कुठल्याशा फायलीत
'ऊर्फ' या शब्दामागे उभी आहे अजून,
तिला कुणी बोट ठेवायला बोलावलेलं नाही.

संध्याकाळी बस चुकली. स्टँडवर एकच पायलट.
त्याने काही मागितलं नाही, हेल्मेट पुढे केलं.
आत दुसऱ्या कुणाच्या तरी केसांचा वास.
"मांगोर न्हय? टांकयेलागीं?"
याचं लायसन्स मंगळवारीच संपलंय
हे अख्ख्या वास्कोत
अधिकृतपणे मला एकटीला माहीत.

मी बसले.
चढावर गाडी खोकली.
मान न वळवता त्याने विचारलं,
"तुजें नांव कितें गो, बाय?"
कुठलं सांगावं याचा विचार करत होते
तेवढ्यात टाकी आली.
तीस रुपये, तो म्हणाला.