अनुभवाचे तास

फॉर्मात एक रकाना होता : पाण्यावरचा अनुभव, तासांत.
गंगाव्हऱ्याच्या टपरीवर मी पेन धरून बसलो,
चहावर साय आली तरी.
तास कोण मोजतं?
उजाडायच्या आत जाळं ओढायचं,
ट्रकच्या ट्यूबवर बसून, पाय पाण्यात,
आणि कटला मिळो ना मिळो
सातला गिरणाऱ्याच्या बाजारात उभं राहायचं.
बाकीचे तास असे
की ते रकान्यात मावणारे नाहीत.

पुतणी तेजल म्हणाली, काका, दोन हजार लिहा.
म्हटलं, खोटं कशाला?
म्हणाली, कमीच आहे ते.

तिनेच सगळं घोकून घेतलं, जेवणं झाल्यावर.
बोटीच्या डाव्या अंगाला लाल दिवा, उजव्या अंगाला हिरवा.
मी रोज उलटं सांगायचो.
मग तिने डाव्या मुठीत लाल कांदा दिला,
उजव्या मुठीत थॉमसनचा घड,
म्हणाली, आता चुकून दाखवा.
चुकलो नाही. घड तेवढा खाऊन टाकला.

परीक्षेचे साहेब किनाऱ्याकडचे, बोलण्यात मालवणी हेल.
आमच्या धरणाकडे त्यांनी
शेजाऱ्याच्या पोराकडे बघावं तसं बघितलं,
कौतुकाने, जरा वरून.
म्हणाले, इथे भरती-ओहोटी नाही, तुमचं सोपं आहे.
मी म्हटलं, साहेब, आमच्याकडे आवर्तन असतं.
खाली पाणी सोडलं की काल जिथे बोट लावली तिथे आज चिखल,
आणि परवा जिथून निवांत गेलो
तिथे जुन्या बांधाचे दगड पाठ वर काढून बसलेले.
हे चंद्राला विचारून होत नाही.
पेपर वाचावा लागतो.
साहेब हसले. वहीत काहीतरी लिहिलं.

मग बोट धक्क्याला लावून दाखवायची.
अंजनेरीकडचा वारा, आडवा, हट्टी.
पहिल्यांदा हुकलो, दोर निसटला,
काठावरची पोरं फिदीफिदी हसली.
दुसऱ्यांदा इंजिन लवकर सोडलं, उरलेलं काम वाऱ्यालाच सांगितलं.
म्हशीने गव्हाणीला कपाळ टेकावं
तशी टेकली.

शेवटचा प्रश्न तोंडी :
चालत्या बोटीतून माणूस पाण्यात पडला. काय कराल?

उत्तर पाठ होतं.
ओरडायचं. रिंग फेकायची.
ज्या बाजूला पडला त्याच बाजूला वळायचं, म्हणजे पंखा त्याच्यापासून लांब जातो.
एकाने फक्त त्याच्याकडे हात करून उभं राहायचं,
नजर काढायची नाही.
सगळं ठाऊक. आवाज फुटेना.

एकोणीस वर्षं झाली, पोलीस पाटील मलाच निरोप धाडतो.
गळ आण, दोर आण, ट्यूब आण.
काठावर चपला जोडीने काढून ठेवलेल्या,
शर्टाच्या घडीत कधी मोबाइल वाजत असतो.
मी बुडी मारतो.
दुसऱ्या दिवशी सापडतो, कधी तिसऱ्या.
माणूस पडताना
मला कोणी बोलावलंच नव्हतं.
मला सगळं नंतरचं येतं.

साहेबांनी पाण्याची बाटली पुढे केली.
घाई नाही, म्हणाले.
मग मी सांगितलं, शब्दाला शब्द,
आणि सांगताना माझा हात आपोआप लांब झाला,
पाण्यातल्या कुणाकडे तरी.

कार्ड आलं. हिरामण काळू बेंडकुळे.
फोटोत मी जामीन राहायला आल्यासारखा दिसतो.

आज पहिली फेरी. द्राक्षमळे बघून आलेले आठ जण.
एक बाई म्हणतात, साडी चुरगळते हो जॅकेटने,
दहा मिनिटांचं तर पाणी.
मी वाद घालत नाही. चावी फिरवतो, इंजिन बंद.
पाणी बोटीच्या पोटाला चापट्या मारतं.
एक पाणकावळा बुडी घेतो,
भलतीकडेच वर येतो.
मला वेळ आहे.
बक्कलं आठ.
सातांचं खट् झालंय.