नमुना

गालिच्याचा तुकडा कापला तो हॉलच्या मधोमध,
टीपॉयखाली, जिथे भोक पडलं तरी दिसलं नसतं.
दोन बोटं रुंद. रुमालात बांधून
वाशीला, सेक्टर सतरातल्या दुकानात नेला,
सोनाराकडे मोड न्यावी तसा.

"अगदी हाच रंग हवा," हे म्हणाले.
दुकानदारानं तुकडा दारापाशी उजेडात नेला,
"काका, याला रंग म्हणत नाहीत."
तरी काढले बिचाऱ्यानं सतरा-अठरा नमुने,
वाळू, बदाम, ओली राख, आणखी एक ओली राख.

मी एका मोरपंखीवर हात ठेवला होता.
ह्यांनी नाही म्हटलं नाही,
नुसता तो गठ्ठ्याच्या तळाशी सारला.
"आपलं घर आपल्याला ओळखू यायला हवं."
एका डोळ्याचा मोतीबिंदू निघालाय, दुसऱ्याचा दिवाळीनंतर;
कुठल्या डोळ्यानं बघून म्हणाले, विचारलं नाही मी.
ठरला बदामी. चौरस फुटाला पंच्याण्णव,
बसवायचे वेगळे.

तुर्भ्याहून रियासत आला, सोबत भाचा.
नेरूळच्या तळमजल्यावरची ओल त्याला नवी नाही,
भिंतीवर हात फिरवून म्हणाला, "खाडी आत येते ना?"
मग कोपऱ्यातून ओढायला लागला.
आवाज फाटल्याचा नव्हता, सोलल्याचा होता.
खालचा फोम कधीच मेलेला,
बेसनाचा डबा उलथावा तशी पिवळी पूड सगळीकडे,
आणि भिंतीच्या कडेला, पुडीत लोळलेला,
शिरीषच्या बुद्धिबळातला काळा उंट.
त्याच्या जागी टूथपेस्टचं झाकण ठेवून
बापलेक किती वर्षं खेळले!
मी तो पदरानं पुसला, टीव्हीवर उभा केला.

मग शोकेस हलवलं.
चौघांनी. आतली कपबशी वाजत राहिली.
आणि खाली
हिरवं.

हिरवं म्हणजे, कसं सांगू,
आत्ताच कुणीतरी अंथरून गेल्यासारखं,
सहा फूट लांब, दीड फूट रुंद,
चार पायांचे चार खळगे सोडले तर
कुणी न चाललेलं.

हे खुर्ची धरून वाकले. बोट टेकवलं.
"हा कोणी आणला?"
"तुम्हीच. ब्याण्णव साली, बेलापूरच्या प्रदर्शनातून.
मी तपकिरी म्हणत होते. मळखाऊ.
तुम्ही म्हणालात, मळाचं मळ बघून घेईल,
घरात शिरल्यावर बरं वाटलं पाहिजे.
दोन दिवस बोलत नव्हतो आपण."

ह्यांना आठवेना.
मलाही त्या क्षणापर्यंत कुठे आठवत होतं!
तीस वर्षांत गालिचा आपापला,
कुणाला न विचारता,
माझ्या मताचा होत गेला होता.
आणि मी परवा दुकानात मोरपंखीवर हात ठेवला.

रियासत घाईत होता, त्याला पुढे घणसोली गाठायची होती.
"शोकेसच्या खालचा राहू द्या ना,
नऊ फूट वाचतात. खाली कोण बघतंय?"
ह्यांनी मनात गुणाकार केला. ओठ हलले.
आठशे पंचावन्न.
"राहू दे," म्हणाले,
पण पैशांसाठी म्हणतात तसे नव्हे.

संध्याकाळी उरलेला गालिचा वॉचमनच्या केबिनमध्ये गेला.
आमचा अर्धा हॉल तिथे, त्यावर बिश्तचा स्टूल.
घरात नव्याचा वास, रबराचा,
भाताला लागेल असा.
अनवाणी चाललं की पाऊल कुणाच्या तरी घरी जातं.

रात्री पाण्याला उठले
तर हे शोकेसपुढे ओणवे,
गाल बदामीवर टेकलेला, हातात टॉर्च,
दोन बोटांच्या फटीतून आत उजेड सोडून बघतायत.

"काय शोधताय?"

जरा वेळानं आवाज आला,
"उंट. शिरीषचा."

उंट टीव्हीवर उभा होता,
ह्यांच्या डोक्यापासून हातभर अंतरावर.
मी तो अलगद उचलला, मुठीत धरला,
आणि पाणी न पिताच
परत जाऊन झोपले.