लोहचुंबक

पारोळ्याकडून येताना
कपाशीनं फुगलेली ट्रॉली न सांगता वळली
आणि माझ्या गाडीची डावी बाजू आत गेली.
पुढचं मडगार्ड चुरगळलं, भजी खाऊन टाकलेल्या कागदासारखं.
दाराला फक्त वाटीएवढा खळगा.

मी रात्रीच हिशेब मांडून ठेवला :
मडगार्ड नवं, दार ठोकून.
विम्याचे साहेब म्हणाले, दोन्ही नवं घ्या मॅडम,
घसारा कापून बाकीचं आमचं.
बाकीचं म्हणजे किती
ते शेवटच्या पानावर होतं, मुंगीच्या अक्षरात.

धुळ्यात, चाळीसगाव चौफुलीच्या अलीकडे
भिकन मिस्तरीचं शेड.
तो आधी काही बोलत नाही. चहा येतो, निवतो.
मग उकिडवा बसून पत्र्यावरून तळहात फिरवतो,
नजर भलतीकडे,
जसा व्यापारी पोत्यात हात घालून
दाण्यातली ओल शोधतो.

पेरांनी वाजवलं. मडगार्ड टण्ण म्हणालं.
"जित्तं शे," म्हणाला. "घडी पडेल शे, ताणायेल नही."
चार बोल्ट, एक तास,
नवं कशाला आणता?

दारापाशी मात्र त्यानं खिशातून
फडक्यात बांधलेलं लोहचुंबक काढलं.
पत्र्यावर ठेवलं, सरकवलं.
चिकटलं. चिकटलं. चिकटलं.
हँडलच्या खाली, जिथं ट्रॉली लागलीच नव्हती,
तिथं सुटून मातीत पडलं.
पुन्हा ठेवलं. पुन्हा पडलं.
त्याचा पोऱ्या जितू एरवी सगळ्याला हसतो.
तेव्हा हसला नाही.

गाडी घेताना एजंट म्हणाला होता,
एकदम कोरी ताई, डॉक्टरची गाडी.
जणू डॉक्टर कुठे धडकतच नाहीत.

आतलं कव्हर निघालं, दोन क्लिपा तुटल्या.
बॅटरीच्या उजेडात पत्र्याची पाठ :
हातोडीचे बारीक व्रण, मुगाच्या दाण्याएवढे,
सगळे एकाच अंगाला कललेले.
भिकन डावखुरा आहे, हे मला तेव्हा दिसलं.
तो बराच वेळ वाकून होता.

"हाई मन्हा हातनं काम शे, ताई.
बारा वरीस व्हयनात."

मला तर बरंच वाटलं. म्हटलं, मग सोपं झालं,
तुम्हाला हे दार पाठ आहे, पुन्हा करा.
त्यानं मान हलवली.
"पत्रा एकदाव माफ करस. दुसरांदा नही."
आता ठोकलं तर लोखंड नुसतं पसरेल,
मी वर लांबी भरीन, घासून आरसा करीन,
तुम्ही खुश व्हाल, पैसे द्याल,
आणि इथलं ऊन
अक्षय्यतृतीयेपर्यंत पोपडा उचलेल.
बदली टाका.

आपलंच काम भंगारात द्या, असं सांगताना
माणसाचा आवाज कसा होतो
ते मी तिथं ऐकलं.
नेहमीसारखाच होता.

नवं दार नाशिकहून आलं, पुठ्ठ्यात, काळं.
गाडी पांढरी, पण माझ्या पांढऱ्यानं
धुळ्याचे नऊ उन्हाळे प्यायलेले.
त्यानं डब्यात पिवळ्याचा थेंब टाकला, मग अजून अर्धा,
पट्टी रंगवून उन्हात धरली, डोळे बारीक केले.
"दुपारले दोनले फरक दिसी. सांजले नही."
फरक राहणार, हे बिलाच्या आधी सांगितलं,
म्हणून बिल मी वाचलंच नाही.

जुनं दार शेडच्या भिंतीला टेकलेलं होतं.
जितू त्याच्या पाठीमागं बसून
त्या कललेल्या खुणांवर, एकेकीवर,
उजव्या हातानं हातोडी टेकवून बघत होता.
ठोकत नव्हता अजून.

मी शाळेत गाडी डावी बाजू भिंतीकडे करून लावते.
तरी मधल्या सुट्टीत कुणीतरी विचारतंच,
दार बदललं वाटतं?
मडगार्डाबद्दल
आजवर कुणी काही बोललेलं नाही.