पंधरा नंबरचा झेंडा

लिएपायात झेंडा लावायचा तर
आधी वाऱ्याशी बोलणी करावी लागतात.
समुद्र दोन गल्ल्या सोडून. काठीची खोबण
कार्लिसनं पोलाद कारखान्यातून घडवून आणलेली.
कारखाना बुडाला, कार्लिस गेला,
खोबण तसूभर हललेली नाही.

महिन्याचे एकशेदहा युरो.
त्यात जिना, बर्फ आणि झेंडा.
तारखा पालिकेनं छापून दिल्यात. चुकलं तर दंड,
आणि तिसऱ्या मजल्यावरचे गुंडार्स
खाली येऊन खोकतात, ते वेगळंच.

मार्चच्या पंचवीसला फीत लागते. काळी, चार बोटं रुंद.
एकोणपन्नास साली त्या पहाटे
आईला म्हणाले, पाव घ्या, पोरांचे बूट घ्या.
मी पोटात होते, बूट लागत नव्हते.
पासपोर्टात जन्मगाव ओम्स्क.
दवाखान्यातली नवी पोरगी विचारते, तिकडच्या का तुम्ही?
नाही गं. आई जरा प्रवासाला गेली होती.

मे महिन्यात झिनाईदाचं दार अर्धवट उघडं.
तिचं स्मारक क्रेननं नेलं तेव्हापासून
कार्नेशनची फुलं ती काचेच्या पेल्यात ठेवते,
साखरेच्या डब्याशेजारी.
मी जिना पुसत होते. पुसत राहिले.

जूनमध्ये निवडणूक.
दर निवडणुकीत आमची ट्राम समुद्रापर्यंत जाते
आणि निकालानंतर डेपोत परत येते.
चौदाला फीत, सतराला फीत,
तेविसाच्या रात्री मात्र शेकोटी,
शहाजिऱ्याचं चीज, डोक्यावर ओकची पानं,
आणि गुंडार्स, बिअर प्यायल्यावर न खोकणारे.

जुलैच्या चारला पुन्हा फीत.
त्याच आठवड्यात शाळेतली एक बाई मुलं घेऊन आली,
माझ्या दाराची चौकट बोटानं चाचपली.
तिरकी खाच. बोटभर. रंगाच्या सहा थरांखाली.
कार्लिस म्हणायचा, खिळ्याची असेल.
बावन्न वर्षं मी ती खिळ्याचीच समजले,
वर दरवर्षी रंग दिला.
बाई म्हणाली, इथं त्यांची प्रार्थना असायची,
आत येताना हात लावायचे.
कोण, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

आणि नेमकी फीत सापडेना. वाऱ्यानं नेली असणार.
झिनाईदा खाली आली, नवऱ्याच्या फोटोवरची सोडून.
अरुंद होती. दोन बोटं.
गुंडार्स खोकले.
खोकू दे.

नोव्हेंबरात अकराला मेणबत्त्या, अठराला आतषबाजी,
अर्ध्या लोकांची पोरं डब्लिनहून फोनवर बघतात.
माझाही आंद्रिस. "आई, झेंडा नीट दिसत नाहीये."
काठीला गुंडाळला गेलाय, रे. नेहमीचंच.

डिसेंबरचा पहिला रविवार, फीत पुन्हा बांधली.
तिनं अजून परत मागितलेली नाही,
फोटो तसाच उघडा.
मी झाडूचा दांडा घेऊन खिडकीतून वाकते,
कापड सोडवते.
आत येताना हात आपोआप चौकटीकडे जातो.
यंदा रंग दिलेला नाही.