एक चौरस मीटर

अर्जात पहिली अडचण पत्त्याची.
सध्याचा: उम्म अल कुवैन, फार्मसीच्या वरचा मजला,
जिन्यात कुणाच्या तरी सुरमईचा वास.
कायमचा: इथं बोटं थांबतात.
व्हिसा अब्बांच्या कंपनीचा, दोन-दोन वर्षांचा.
बाणकोटचं घर चुलत्यांनी वाटून घेतलं,
आमच्याकडे आली एक विहीर, तीही मचूळ.
मी विहिरीचा पिनकोड लिहिला.

दुसरी अडचण क्रेडिटची.
दोन वर्षं शारजात जे शिकले ते सगळं बिझनेस,
एकसष्ट क्रेडिट.
एक विद्यापीठ म्हणतं, अठरा धरू.
दुसरं म्हणतं, संख्याशास्त्र तेवढं चालेल.
तिसऱ्यानं अजून उत्तर नाही दिलं,
फी मात्र त्याच रात्री कापून घेतली.

शिफारस कॉस्ट अकाउंटिंगच्या कुरियन सरांची.
‘झुलेखा परकार आकड्यांत पक्की आहे.’
खरंय सर.

ओहोटीला मी खाडीत उतरते.
इथली माणसं तिला खोर म्हणतात,
मी खाडीच म्हणते, बाणकोटच्यासारखी,
फक्त हिला नदी नाही.
अब्बांनी साइटवरचा पाइप कापून चौकट करून दिलीय,
एक मीटर बाय एक मीटर, कोपऱ्यांना एल्बो.
ती तिवरांत चिखलावर टाकायची
नि वाकून मोजायचं:
श्वासमुळं दोनशे सव्वीस,
शंखी एकोणचाळीस,
कुर्ल्या अकरा. बारावी दिसली,
पण ती बारावी होती की अकरावीच बिळातून परत आलेली,
हे लिहायला रकाना नाही.
डोक्यावरून पाणकावळ्यांची रांग बेटाकडे जाते,
मान वर केली की मोजणी चुकते.

आणि लांबवर, धुरकट, अब्बांचा ड्रेजर.

निबंध साडेसहाशे शब्दांचा.
प्रश्न: आत्ताचं कॉलेज तुम्हाला का सोडायचं आहे?
रात्री अब्बा जेवताना म्हणाले, वाच गो.
आपल्या भाषेत वाच.
ट्रान्सफरला मी म्हटलं, बदली.
‘मग साहेब कोण? बदली तर साहेब करतो.’
साहेब नाहीये अब्बा. एक समिती आहे.
‘मग लवकर नाही व्हायची,’ ते म्हणाले नि भातावर कालवण घेतलं.

मी वाचत गेले, इंग्रजीतून मराठीत,
तिवरं, चौकट, कुर्ल्या,
आणि एका ठिकाणी बोट एक ओळ ओलांडून गेलं.
अब्बांना इंग्रजी येत नाही.
पण बोटाची उडी त्यांनी पाहिली.
‘मधलं राहिलं.’

मधलं असं होतं:
खाडी खोल करताना जो गाळ उठतो
तो समुद्रगवतावर बसतो, गवत गुदमरतं,
आणि माझी कॉलेजची फी त्याच गाळातून आलेली आहे.

पंखा फिरत होता. खाली कुणीतरी फार्मसीचं शटर ओढलं.
अब्बांनी काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला.
‘नुसतं गवत काय लिहितेस.
गेल्या रमजानच्या आधी पंपाच्या तोंडाशी कासव आलं होतं.
ते लिही.
तारीख लॉगमध्ये नाही मिळायची. माझ्या डायरीत आहे.’

जिवंत होतं?

ते हात धुवायला उठले.
नळ बराच वेळ चालू राहिला.

डायरी मिठानं फुगलेली, पानं सुटी करावी लागली.
हप्ता, डिझेल, अम्मीच्या गोळ्या,
आणि एका मंगळवारी नुसतं: कासव. मोठं.

तेवढं घातल्यावर शब्द झाले सहाशे अठ्ठावन्न.
मी निबंधाचं पहिलं वाक्य काढून टाकलं,
लहानपणापासून मला निसर्गाची ओढ आहे, असं काहीतरी होतं.
बरोबर साडेसहाशे.

उद्याची ओहोटी पाच वाजून दहा मिनिटांनी.
चौकट बाल्कनीत उभी करून ठेवलीय,
तिच्यातून समोरच्या इमारतीच्या चार खिडक्या दिसतात,
एकीत अजून दिवा.